घरासाठी सौर पॅनेल आणि बॅटरी : वऱ्हाडातील हवामान पाहून करावयाचे नियोजन

अमरावती व अकोला जिल्ह्यांत वर्षातील आठ महिने स्वच्छ ऊन मिळते. त्यामुळे घराच्या छतावर सौर पॅनेल बसविण्याकडे शेतकऱ्यांचा कल वाढत आहे. मात्र पॅनेल बसल्यावर लाइन गेली तरी घरात उजेड राहील, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात अनुदानातून बसणारे बहुतेक संच ‘ऑनग्रीड’ असतात. महावितरणचा पुरवठा बंद होताच त्यांचा इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला छतावरच्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही व्यवस्था असते. म्हणजे भर दुपारी ऊन असूनही पंखा फिरत नाही.

म्हणून बिल कमी करणे आणि लाइन गेल्यावर वीज मिळणे या दोन गरजांचा हिशेब वेगवेगळा करावा. पहिलीसाठी पॅनेल लागतात, दुसरीसाठी बॅटरी.

पॅनेल किती किलोवॅटचे?

मागील १२ महिन्यांच्या बिलांतील युनिटची बेरीज करून तिला ३६५ ने भागावे. येणारी रोजची सरासरी ४ ने भागली की लागणारे किलोवॅट मिळतात. आपल्या भागात १ किलोवॅट पॅनेलपासून वर्षभराच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट वीज मिळते. उदाहरणार्थ, महिन्याला सरासरी २०० युनिट वापर म्हणजे रोज ६.७ युनिट. अशा घराला २ किलोवॅटचा संच पुरतो. त्याला सुमारे २०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते.

फक्त मे महिन्याचे बिल पाहून संच ठरवू नये. त्या महिन्यात कूलरमुळे वापर सर्वाधिक असतो. पॅनेल मात्र तापल्यावर कमी वीज देतात. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. अकोल्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पॅनेलचा पृष्ठभाग ६५ अंशांपर्यंत तापतो आणि १२ ते १६ टक्के घट येते. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे रोजचे उत्पादन २ ते २.५ युनिटपर्यंत खाली येते. चिखलदरा, धारणीकडे पाऊस व ढग जास्त असल्याने ते आणखी कमी धरावे.

पावसाळ्यातील तूट भरून काढण्यासाठी मोठा संच घेण्याची गरज नाही. नेट मीटरमुळे चांगल्या उन्हाच्या महिन्यांत शिल्लक राहिलेले युनिट पुढील बिलांत वळते होतात. आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेल्या युनिटना मात्र कमी दर मिळतो. त्यामुळे गरजेपेक्षा मोठा संच परवडत नाही.

बॅटरी किती मोठी?

बॅटरीचा हिशेब पूर्ण घराचा नको, लाइन गेलेल्या एका रात्रीचा करावा. मे-जूनच्या वादळात खांब पडले की रात्र अंधारात जाते. त्या रात्री काय चालू हवे, याची यादी करावी.

- बीएलडीसी पंखे २ (प्रत्येकी ३० वॅट), ८ तास : ४८० वॅट-तास
- एलईडी दिवे ४ (प्रत्येकी ९ वॅट), ५ तास : १८० वॅट-तास
- टीव्ही (८० वॅट), २ तास : १६० वॅट-तास
- मोबाइल व फवारणी पंपाच्या बॅटरीचे चार्जिंग : सुमारे १८० वॅट-तास

एकूण १,००० वॅट-तास, म्हणजे १ युनिट. इन्व्हर्टरमधील घट धरून बॅटरीतून सुमारे १.२ युनिट काढावे लागतात.

लेड-ॲसिड (ट्युब्युलर) बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केल्यास लवकर खराब होते. म्हणून तिची क्षमता २.४ युनिट हवी, म्हणजे १२ व्होल्ट १०० ॲम्पिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या. लिथियम (एलएफपी) बॅटरी ८० टक्के वापरता येते, त्यामुळे १.५ ते २ युनिटची पुरते. तिची किंमत जास्त असते, पण पाणी टाकावे लागत नाही आणि आयुष्यही अधिक असते.

याच घरात जुने ७५ वॅटचे पंखे असतील तर गरज १ वरून पावणेदोन युनिटवर जाते. मोठी बॅटरी घेण्यापेक्षा दोन पंखे बदलणे स्वस्त पडते. १८० वॅटचा कूलर आठ तास चालवला तर तो एकटाच १.४ युनिट घेतो. बोअरची मोटर सुरू होताना कित्येक पट करंट ओढते. या दोन गोष्टी बॅटरीवर ठेवू नयेत.

बॅटरी जोडायची असल्यास सुरुवातीलाच हायब्रीड इन्व्हर्टर मागावा. आज पैसे नसतील तर बॅटरी नंतर जोडता येते. साधा ऑनग्रीड इन्व्हर्टर नंतर बदलणे महागात पडते.

उष्णता, दमट हवा आणि खारपाण

बॅटरी टिनाच्या खोलीत, गच्चीवरील जिन्यात किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवू नये. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंश वाढल्यास जवळपास निम्मे होते. घराच्या उत्तरेकडील, सावलीची, हवा खेळती असलेली जागा निवडावी. लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती बंद खोलीत, देवघराजवळ किंवा चुलीजवळ नको. पावसाळ्यापूर्वी टर्मिनल साफ करून त्यांना व्हॅसलिन लावावे. वायर आत जाण्याची छिद्रे बुजवावीत. दमट हवेत पाली-मुंग्या इन्व्हर्टरमध्ये शिरून शॉर्टसर्किट होते.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १५ ते २० अंश उतारावर बसवावेत. टिनाच्या छतावर पॅनेलखाली हवा जाण्यास किमान चार इंच जागा सोडावी. पाण्याच्या टाकीची किंवा निंबाची सावली एका पॅनेलवर पडली तरी जोडलेल्या सर्व पॅनेलचे उत्पादन घटू शकते. वादळ लक्षात घेऊन सांगाड्याचे बोल्ट स्लॅबमध्ये पक्के बसल्याची खात्री करावी.

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या खारपाण पट्ट्यातील गावांत विहीर-बोअरच्या पाण्याने पॅनेल धुऊ नयेत. पाणी वाळल्यावर काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो सहज निघत नाही. नळयोजनेचे गोडे पाणी किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. उन्हाळ्यात धूळ जास्त बसते, तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी पॅनेल थंड असताना मऊ कापडाने पुसावेत. खारट जमिनीत अर्थिंगची लोखंडी सळई लवकर गंजते, म्हणून तांब्याचा मुलामा असलेली सळई घ्यावी. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व अर्थिंग सुटे पडते. मार्च ते मे दरम्यान खड्ड्यात पाणी टाकावे आणि वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी.

अनुदान

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’त घरगुती ग्राहकांना पुढीलप्रमाणे केंद्राचे अनुदान आहे.

- १ किलोवॅट : ३० हजार रुपये
- २ किलोवॅट : ६० हजार रुपये
- ३ किलोवॅट व त्यापुढे : ७८ हजार रुपये

हे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते. बॅटरीचा खर्च स्वतःला करावा लागतो. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचे आणि विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदणीकृत असावा लागतो. वीजबिल अजून आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्यावे.

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतील शेतावरचा संच वेगळा असतो. त्याचे पॅनेल घराकडे वळवू नयेत.

विक्रेत्याला विचारावयाचे प्रश्न

- लाइन गेल्यावर घरातील कोणती उपकरणे चालतील व किती तास? हे कोटेशनवर लिहून द्याल का?
- इन्व्हर्टर हायब्रीड आहे का? किती अंश तापमानापर्यंत पूर्ण क्षमतेने चालतो?
- बॅटरीची हमी किती वर्षांची, आणि ४० अंशांवरील तापमानात ती लागू राहते का?
- बिघाड झाल्यास जवळचे दुरुस्ती केंद्र कोणत्या गावात आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.