गव्हातला गुल्लीडंडा

हरियाणा-पंजाबच्या गव्हात गुल्लीडंडा नावाचं तण येतं. कोवळं असताना हुबेहूब गव्हासारखं. बुडाशी लालसर छटा असते, त्यावरून ओळखायचं. यावर शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक मारलं. पण तणाची सगळी रोपं सारखी नसतात. एखाद्याला औषध पचतं, तेच जगतं आणि त्याचंच बी रानात पडतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला फवारणी करूनही शेतं तणाने भरली. काहींना उभा गहू कापून जनावरांना घालावा लागला! पुढे क्लोडिनाफॉप या दुसऱ्या तणनाशकालाही हे तण अनेक ठिकाणी दाद देईना.

आपल्याकडे सोयाबीनमध्ये दरवर्षी इमॅझेथापायर हे एकच तणनाशक मारणाऱ्यांनो, तुमच्या रानातही असंच होऊ शकतं; तणनाशकाचा गट बदला, आणि फवारणीतून वाचलेलं तण बी धरण्याआधी उपटाच.