कीलेशनची सलाईन : आधीची तयारी, नंतरची काळजी

‘शस्त्रक्रियेविना हृदयाच्या नसा मोकळ्या करा’ अशी जाहिरात आपल्या वाचनात आली असेल. डॉक्टरांनी बायपास सुचवल्यावर घरातील ज्येष्ठांचे मन अशा पर्यायाकडे ओढ घेते, हे स्वाभाविकच आहे. या जाहिरातींमागे अनेकदा कीलेशन हा उपचार असतो. तो घेण्याचा विचार आपण करीत असाल, तर पुढील गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

उपचाराचे स्वरूप

‘कीले’ या ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी. ईडीटीए हे द्रव्य नांगीप्रमाणे रक्तातील धातूंना पकडते व मूत्रावाटे बाहेर नेते. शिशाच्या विषबाधेवर त्याचा वापर १९५०च्या दशकापासून होत आहे. रक्तवाहिन्यांतील थरांमध्ये कॅल्शियमही असते. तेव्हा ईडीटीए ते थर विरघळवील, या कल्पनेतून हृदयविकारासाठी त्याचा वापर सुरू झाला. असे थर खरोखर विरघळतात, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

अमेरिका व कॅनडा येथे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,७०८ रुग्णांना ४० सलाईनचा क्रम देऊन अभ्यास झाला. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अल्प लाभ दिसला, तोही मुख्यतः मधुमेहींमध्ये. म्हणून पुढे केवळ मधुमेही रुग्णांवर दुसरा अभ्यास झाला. २०२४च्या त्याच्या निष्कर्षांनुसार रक्तातील शिसे निम्म्याहून अधिक घटले. परंतु झटका, पक्षाघात वा मृत्यू यांचे प्रमाण कमी झाले नाही. बायपास किंवा अँजिओप्लास्टी पुढे ढकलण्यापूर्वी हे वास्तव आपल्या हृदयरोगतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोलावे.

निर्णयापूर्वी

ईडीटीए मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणून क्रिएटिनिन, कॅल्शियम, पोटॅशियम व रक्तशर्करा यांची तपासणी आधी अवश्य करावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा हृदय दुर्बल होऊन पायांवर सूज, धाप असा त्रास असल्यास हा उपचार धोक्याचा ठरू शकतो. सलाईनच्या अर्धा लिटर द्रवाचा भारही अशा हृदयाला पेलवतोच असे नाही.

ईडीटीएचे दोन प्रकार आहेत. डायसोडियम ईडीटीए रक्तातील कॅल्शियम खेचून घेते. कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए तसे करीत नाही. नावांतील साम्यामुळे एकाच्या जागी दुसरे दिले जाऊन अमेरिकेत मृत्यू घडले आहेत. बाटलीवरील नाव, मात्रा व किती तासांत सलाईन द्यायची, हे लेखी मागण्यात संकोच बाळगू नये. हृदयाचे ठोके तपासण्याची, प्राणवायूची व तातडीच्या उपचारांची सोय तेथे आहे का, हेही पाहावे.

त्या दिवशी

डॉक्टरांनी उपाशी येण्यास सांगितले नसेल, तर हलका आहार घेऊन जावे. ईडीटीएमुळे रक्तशर्करा उतरू शकते. म्हणून मधुमेहींनी इन्सुलिनची मात्रा आधी विचारून घ्यावी आणि खाऊ जवळ ठेवावा. चालू औषधांची यादी सोबत न्यावी. घरातील एकाने शेवटपर्यंत जवळ थांबावे.

सलाईनला सुमारे तीन तास लागतात. ‘लवकर आटोपा’ असा आग्रह धरू नये. वेग वाढला तर रक्तातील कॅल्शियम झपाट्याने घटू शकते. ओठांभोवती वा बोटांना मुंग्या येणे, पेटके येणे, छातीत धडधड होणे, सुईच्या जागी जळजळ होणे, यांपैकी काहीही जाणवताच परिचारिकेला सांगावे.

घरी परतल्यावर

सलाईन संपताच उठू नये. उभे राहिल्यावर रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. म्हणून थोडा वेळ पडून राहावे, मग बसावे व आधार घेऊन उभे राहावे. त्या दिवशी वाहन चालवू नये. पाण्यावर निर्बंध नसेल, तर दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे. रात्री लघवीसाठी उठावे लागते. तेव्हा वाटेवर दिवा ठेवावा आणि आजी-आजोबांना एकटे जाऊ देऊ नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी लघवीचे प्रमाण, वजन व पायांवरील सूज यांची नोंद ठेवावी. लघवी कमी होणे, थंडी वाजून ताप येणे, हाताची शीर लाल व कडक होणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे किंवा झटके येणे, असे काही झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. क्रिएटिनिन व कॅल्शियमची तपासणी उपचार चालू असेपर्यंत वेळोवेळी व्हावी.

काही सलाईननंतर ‘बरे वाटते’ म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या, कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या कोणीही परस्पर बंद करू नयेत. अंगी आलेली हुशारी म्हणजे अडथळा दूर झाल्याचा पुरावा नव्हे. कीलेशन घ्यावे की नाही, हा निर्णय आपला आहे. परंतु ज्या औषधांच्या आधारे हृदय सांभाळले जात आहे, तो आधार सोडू नये.