पाच लाख कार्डं आणि दहा दिवसांची मुदत

जुलै १९७४ मधल्या त्या बैठकांचं चित्रीकरण मी पाहतो आहे. अमेरिकी प्रतिनिधिगृहाची न्यायविषयक समिती, समोर निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाचा मसुदा. न्यूजर्सीचे रिपब्लिकन सदस्य चार्ल्स सँडमन हटून बसलेत: राष्ट्राध्यक्षांनी नेमकं काय केलं, कधी केलं, ते कलमात दाखवा. कलम मांडणारे पॉल सारबेन्स गांगरलेले दिसतात. गंमत म्हणजे तपशिलाचा दुष्काळ नव्हताच, ढीग होता.

तो ढीग रचला समितीचे विशेष वकील जॉन डोर यांच्या हाताखालच्या वकिलांनी. (डोर स्वतः रिपब्लिकन.) एकेक बाब कार्डावर उतरवायची, प्रती काढायच्या आणि तारीख, माणूस, विषय अशा वेगवेगळ्या खणांत लावायच्या. कार्डं पाच लाखांवर गेली. व्हाइट हाउसने ३० एप्रिलला निक्सन यांच्या संभाषणांच्या ध्वनिफितींची काटछाट केलेली संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा समितीने आपल्याकडच्या फिती हेडफोन लावून ऐकल्या आणि दोन्ही पाठांतले फरक छापले. मे महिन्यापासून बंद दाराआड डोर सदस्यांना हे सगळं एकसुरी आवाजात वाचून दाखवत. सदस्य कंटाळत. मला तो कंटाळाच चौकशीचा खरा ऐवज वाटतो. सँडमन यांना पुढे उत्तरं मिळाली ती त्याच वाचनातून.

मग आणखी थांबायचं का? २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या फिती देण्याचा आदेश दिला होता. इलिनॉयचे रॉबर्ट मॅक्क्लोरी म्हणाले, दहा दिवस थांबू. समितीने ते फेटाळलं. बरोबरच केलं, असं माझं मत: हातातल्या पुराव्यावर आरोप उभा राहत असेल, तर न मिळालेल्या फितीची वाट पाहणं म्हणजे वेळ आरोपीच्या हवाली करणं. २७ जुलैला पहिलं कलम २७ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झालं, सहा रिपब्लिकनांसह. ५ ऑगस्टला उरलेल्यांपैकी निर्णायक फीत बाहेर आली आणि विरोधात मत दिलेले अकराही रिपब्लिकन फिरले. चारच दिवसांत निक्सन पायउतार झाले.

पुढच्या महाभियोगांत मात्र असा ढीग रचला गेला नाही. १९९८ मध्ये क्लिंटन यांच्या वेळी याच समितीने स्वतंत्र तपास वकील स्टार यांच्या अहवालावरच भिस्त ठेवली. घटनेच्या एकाही साक्षीदाराला समोर बसवलं नाही. २०१९ मध्ये ट्रम्प यांच्या वेळी साक्षी झाल्या, पण न आलेल्या बड्या साक्षीदारांसाठी न्यायालयात झुंजत बसायला सभागृह तयार नव्हतं. त्यांना सिनेटने बोलवावं, अशी मागणी पुढे झाली. ३१ जानेवारी २०२० रोजी ती ५१ विरुद्ध ४९ मतांनी पडली.