एकच आकडा, दोन शहरं: लोणावळ्यातला एफएम

९८.३ वर मुंबईतही मिरची, पुण्यातही मिरची! ९१.१ वर रेडिओ सिटीचंही तसंच. त्यामुळे खंडाळा-लोणावळ्यात गाडी वळणावर आली की निवेदक अचानक बदलतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले, की एफएम रिसीव्हर जोरकस असेल तोच धरतो. जोर सारखाच असला की नुसती खरखर.

पवन मावळातली अडचण वेगळी. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे लोहगड-विसापूरच्या आडोशाची गावं सावलीत राहतात. इथे उंची हाच उपाय. कौलांच्या वर बांबू उभारा, त्यावर ७५-७५ सेंटिमीटरच्या दोन नळ्यांचा डायपोल लावा आणि केबल टीव्हीची कोअ‍ॅक्सिअल वायर खाली आणा.

पण लोणावळ्यात नुसता डायपोल पुरत नाही. तो पुढून ऐकतो तितकंच मागून. आणि मुंबई-पुणे इथून जवळपास विरुद्ध दिशांना! यागी घ्या, म्हणजे मागे रिफ्लेक्टर असलेला अँटेना, आणि हव्या त्या शहराकडे तोंड करा. तरीही खरखर असेल तर स्टिरिओऐवजी मोनो करून बघा, स्वस्तातले एलईडी दिवे बंद करून बघा. वळवाच्या गडगडाटात मात्र वायर आधीच काढून ठेवा.