कडवटपणावरचा उतारा

तापीच्या खोऱ्यात वसलेल्या खानदेशात केळीच्या बागांप्रमाणे पपईचेही मळे आहेत. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हे पीक घेतले जाते. झाडावरच्या कच्च्या पपईला सुरीने हलकीशी चीर पाडली की तिच्यातून दुधासारखा पांढरा चीक ठिबकू लागतो. या चिकात ‘पपेन’ नावाचे द्रव्य असते. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्ची पपई लावतात, त्यामागचे रहस्य हेच. मात्र पपई फार वेळ लावून ठेवली तर मांसाचा लगदा होतो आणि त्याला कडवट चवही येऊ शकते. असे का व्हावे?

पपेन हे एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे. सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रियांना वेग देणाऱ्या द्रव्यांना विकरे म्हणतात. प्रथिन ही अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबच लांब माळ असते. या मण्यांचे मुख्य प्रकार वीस. पपेन कात्रीप्रमाणे ही माळ मधूनमधून तोडते. माळेचे लहान तुकडे झाले, की पचनाचे निम्मे काम आधीच उरकते. म्हणून ज्या तान्ह्या मुलांना दुधातील प्रथिने सोसत नाहीत, त्यांच्यासाठी ती प्रथिने विकरांनी तोडून खास आहार तयार करतात.

परंतु तुटलेले प्रथिन पुष्कळदा कडू लागते. माळेतील काही मण्यांना पाण्याचे वावडे असते. अखंड माळ गुंडाळलेली असते, तेव्हा हे मणी आत दडून बसतात. माळ तुटली की ते उघडे पडतात आणि जिभेवरील कडू चव ओळखणाऱ्या ग्राहींना जाऊन भिडतात. माणसाजवळ अशा ग्राहींचे सुमारे 25 प्रकार आहेत. अनेक विषे कडू असल्यामुळे हे ग्राही पहारेकऱ्यांचे काम करतात. पण कधीकधी ते हितकर अन्नालाही दारातच अडवतात.

या अडवणुकीचा प्रत्यय 1945 साली आला. जर्मनीतील बेलसन येथील छळछावणीतून मुक्त झालेल्या, उपासमारीने खंगलेल्या माणसांना डॉक्टरांनी तोडलेल्या प्रथिनांचे पेय देऊ केले. अन्न पौष्टिक होते, देणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. पण ती चव अनेकांना सोसवेना. त्यापेक्षा त्यांना साधे दूध बरे वाटले. अन्न कितीही गुणकारी असले, तरी ते घशाखाली उतरल्यावाचून त्याचा गुण येत नाही.

साखर किंवा सुगंध घालून कडवटपणा झाकता येतो, पण तो नाहीसा होत नाही. खरा उतारा दुसऱ्या विकरात सापडला. पपेन माळ मध्येच तोडते. पण काही विकरे तुकड्याच्या टोकापासून एकेक मणी सुटा करतात. सुटा मणी तुकड्याइतका कडू लागत नाही. जपानी लोक सोयाबीनपासून शोयू नावाचा रस्सा बनवताना जी बुरशी वापरतात, तिच्यात अशी विकरे आहेत. चीज मुरवणाऱ्या जिवाणूंमध्येही ती आढळतात. मात्र प्रोलीन नावाचा मणी आडवा आला, की यांतील बहुतेक विकरे अडखळतात. त्याच्यासाठी वेगळेच विकर शोधावे लागते.

निसर्गातील विकर कारखान्यातील उष्णतेत टिकेलच असे नाही. तेव्हा ते घडवावे लागते. अमेरिकेच्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी प्रथिने तोडणाऱ्याच एका विकराच्या जनुकात बदल घडवले आणि त्यातून निपजलेल्या अनेक वाणांपैकी उत्तम तेवढे निवडले. शेतकरी चांगले कणीस बियाण्यासाठी राखून ठेवतो, तशीच ही रीत. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या या कामासाठी त्यांना 2018 साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात अर्धा वाटा मिळाला. कडवटपणा घालवणारी विकरेही आता याच रीतीने सुधारता येतात.

आजारी मुलाने वाटी तोंडाशी नेऊन ती परत सारली, तर आईचे सारे श्रम वाया जातात. ती वाटी रिकामी व्हावी, एवढ्यासाठी प्रयोगशाळेत हा खटाटोप चालला आहे.