माहिती कामगाराची, जबाबदारी ठेवणाऱ्याची

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा एमआयडीसीत नव्याने कामाला लागणारा माणूस पहिल्याच दिवशी आधार, पॅन, बँकेचं पासबुक, फोटो, मोबाइल नंबर, गावाकडचा पत्ता, वारसदाराचं नाव आणि बोटांचे ठसे एवढं सगळं देऊन बसतो. बदल्यात त्याला गेटपास मिळतो. त्या माहितीचं पुढे काय होतं हे त्याला कुणी सांगत नाही. तोही विचारत नाही, कारण जास्त विचारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवर उभं करत नाहीत, अशी त्याची समजूत असते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 (डीपीडीपी) नेमका या माणसासाठी आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, 11 ऑगस्ट 2023 ला या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. छत्रपती संभाजीनगरातल्या कारखानदारांनी, डॉक्टरांनी, क्लासचालकांनी आणि पतसंस्थांनी आता तो पाळायचा आहे. पण कायद्याच्या आधी त्याबद्दलच्या समजुतीच जास्त पसरल्या आहेत.

"हा कायदा गूगल-फेसबुकसाठी आहे, आमच्यासाठी नाही"

कायद्यात उलाढालीची किंवा कामगारसंख्येची किमान मर्यादा नाही. लोकांची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, तो कायद्याच्या कक्षेत आला. मग ती कंपनी असो, भागीदारीतलं दुकान असो, हाउसिंग सोसायटी असो की दहा खाटांचं हॉस्पिटल. काही स्टार्टअप किंवा ठरावीक गटांना केंद्र सरकार अधिसूचना काढून थोडी सूट देऊ शकतं, पण "आम्ही लहान आहोत" एवढ्या कारणाने आपोआप सूट मिळत नाही. निव्वळ घरगुती वापर मात्र कायद्याबाहेर आहे. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लग्नाची यादी टाकली म्हणून कुणी नोटीस पाठवणार नाही.

याच्या उलट टोकाची भीतीही दिसते. प्रत्येकाला डेटा संरक्षण अधिकारी नेमावा लागेल, बाहेरचा लेखापरीक्षक आणावा लागेल, असं सांगून सल्लागार मंडळी लहान उद्योगांना घाबरवतात. ही बंधनं सरकार ज्यांना 'महत्त्वाचे' म्हणून अधिसूचित करेल त्या मोठ्या संस्थांवर आहेत. बाकीच्यांनी माहितीविषयी प्रश्न कुणाला विचारायचा, त्या माणसाचा संपर्क जाहीर करायचा. तेवढं काम तर चार माणसांच्या ऑफिसलाही जमतं.

"मे 2027 पर्यंत बघायचं कारण नाही"

अधिसूचनेप्रमाणे डेटा संरक्षण मंडळाच्या स्थापनेची कलमं लगेच लागू झाली आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये, लागू व्हायच्या आहेत. तोवर सगळं मोकळं आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. संवेदनशील माहितीच्या सुरक्षेचे 2011 चे नियम चालूच आहेत. सायबर हल्ला झाला तर सहा तासांत 'सर्ट-इन' या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवण्याचा एप्रिल 2022 चा आदेशही आहे. शिवाय युरोपचा डेटा संरक्षण कायदा, जीडीपीआर, 25 मे 2018 पासून लागू आहे. एन्ड्युरन्ससारखी इथली कंपनी इटली आणि जर्मनीत कारखाने चालवते, शेंद्र्यात स्कोडा-फोक्सवॅगन आहे. युरोपातल्या माणसांची माहिती ज्यांच्या हातून जाते, त्यांना हा विषय नवा नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कायदा लागू होण्याआधी गोळा केलेली माहिती सुटत नाही. जुन्या संमतीवर जिथे काम चालू आहे, तिथे कायदा लागू झाल्यावर शक्य तितक्या लवकर त्या व्यक्तीला सूचना द्यावी लागेल: तुमची अमुक माहिती आमच्याकडे आहे, अमुक कामासाठी वापरतो, संमती अशी काढून घेता येईल, तक्रार इथे करता येईल. दहा वर्षांपूर्वीच्या पेशंटची किंवा सभासदाची माहिती कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर ही सूचना पाठवणार कुणाला? तयारीला वेळ लागतो तो इथे.

"फॉर्मवर सही घेतली की आपण सुटलो"

सगळ्यात खोल रुजलेली समजूत ही. "माझी माहिती कोणत्याही कारणासाठी वापरण्यास माझी हरकत नाही" असं बारीक अक्षरातलं एक वाक्य आणि त्याखाली सही किंवा अंगठा. या कायद्यापुढे त्या वाक्याला फारसं वजन नाही. संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती, समजून-उमजून आणि विनाअट असली पाहिजे. कायद्यातच उदाहरण आहे: टेलिमेडिसिनच्या अ‍ॅपने उपचारासाठी माहिती घेतली आणि त्याच वेळी फोनमधल्या सगळ्या नंबरांची यादीही मागितली. पेशंटने दोन्हींना 'हो' म्हटलं, तरी संमती उपचारापुरतीच धरली जाईल, कारण उपचाराला नंबरांची यादी लागत नाही.

सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे वाळूजच्या कामगाराला ती मराठीत मागता येते आणि बिहारहून आलेल्या त्याच्या जोडीदाराला हिंदीत किंवा मैथिलीत. संमती देणं जितकं सोपं, काढून घेणंही तितकंच सोपं हवं. वाद झाला तर नीट सूचना देऊन संमती घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी संस्थेवर आहे.

पण प्रत्येक कागदाला संमती लागते, हेही खरं नाही. पगार, पीएफ, ईएसआयसी, कारखान्याची सुरक्षा अशा नोकरीशी जोडलेल्या कामांसाठी कायदा संमतीविना माहिती वापरू देतो. तातडीच्या उपचारासाठीही देतो. अपघातात बेशुद्ध पडलेल्या माणसाला घाटी रुग्णालयात आणलं, तर डॉक्टरांनी आधी फॉर्म भरून घ्यावा असं कायदा म्हणत नाही. उपयोग बदलला की मात्र गणित बदलतं. पीएफसाठी घेतलेला मोबाइल नंबर कर्ज देणाऱ्या एजंटाच्या हाती गेला, तर तिथे नोकरीचं कारण पुढे करता येणार नाही.

"आमच्याकडे सगळं कागदावर आहे"

हे खरं असेल तर हा कायदा खरोखरच लागू नाही. तो डिजिटल माहितीला किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो. फाइलीत राहिलेली झेरॉक्स त्याच्या बाहेर आहे. पण आज अशी झेरॉक्स सापडणं कठीण. कागदाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो कायद्यात आला.

समजा, रांजणगाव शेणपुंजीच्या बाजूला चाळीस कामगारांचं एक प्रेस शॉप आहे. मालक म्हणतो, आमच्याकडे डेटा-बिटा काही नाही. आता एका कामगाराच्या आधारचा माग काढू. ठेकेदाराने गेटवर कार्डाचा फोटो स्वतःच्या फोनवर काढला. तो सुपरवायझरच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये तो आपोआप उतरला. एचआर बघणाऱ्या मुलीने तो ईमेलने पीएफच्या सल्लागाराला पाठवला. अकाउंट्समध्ये आधार नंबर पगाराच्या एक्सेल शीटमध्ये चढला आणि ती शीट दर महिन्याला सीएच्या ऑफिसात जाते. हजेरीच्या मशीनमधले ठसे मशीन विकणाऱ्याच्या सर्व्हरवर आहेत. कामगार सहा महिन्यांत काम सोडून गेला, ठेकेदारही बदलला. आधार मात्र या सगळ्या ठिकाणी अजून तसाच पडून आहे.

कायदा पाळायची सुरुवात हा माग काढण्यापासून होते, आणि सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी हेच करावं असं मला ठामपणे वाटतं. एक वही किंवा एक्सेल शीट पुरते. कोणती माहिती, कुणाची, कशासाठी, कुठे ठेवली आहे, कोण उघडू शकतं, बाहेर कुणाला जाते आणि कधी पुसायची, एवढे रकाने. ते प्रामाणिकपणे भरताना निम्मी माहिती कशाला घेतली याचं उत्तरच मिळत नाही. ती घेणं थांबवायचं. ओळख पटवण्यापुरतं काम असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्यायचं. ग्रुपवर कागद टाकणं बंद करून एकच फोल्डर ठेवायचं आणि त्याचा पासवर्ड दोघांतिघांकडेच. माहिती कुणी, कधी उघडली याची नोंद नियमांप्रमाणे किमान एक वर्ष जपायची आहे, तीही इथेच सुरू होते. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. लागतो तो मालकाचा आग्रह.

"डेटा फुटला तर सॉफ्टवेअरवाला बघेल"

नाही. बाहेरच्या कंपनीशी करार कसाही असो, कायद्यापुढे उत्तर द्यायचं ते माहिती गोळा करणाऱ्या संस्थेने. बाहेर काम द्यायचं तर वैध करार हवाच. हजेरीचं मशीन, पगाराचं सॉफ्टवेअर, हॉस्पिटलची बिलिंग सिस्टीम यांचे करार काढून पाहिले, तर बऱ्याचदा फक्त वार्षिक देखभालीचा दर आणि फोन नंबर सापडतो. सुरक्षा कशी ठेवणार, करार संपल्यावर माहिती परत देणार की पुसणार, गळती झाली तर किती वेळात कळवणार, हे त्यात लिहून घ्यायला हवं. कारण गळती लक्षात आली की ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकाला आणि मंडळाला विनाविलंब कळवायचं आहे, आणि मंडळाला सविस्तर अहवाल 72 तासांत द्यायचा आहे. विक्रेत्याने आठ दिवसांनी सांगितलं तर संस्थेची घडी तिथेच विस्कटली.

"आपल्यासारख्यांवर कोण हल्ला करणार" हा भ्रमही सोडायला हवा. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून ऑगस्ट 2018 मध्ये दोन दिवसांत सुमारे 94 कोटी रुपये काढले गेले. त्यातले बहुतेक पैसे बनावट कार्डं वापरून 28 देशांतल्या एटीएममधून निघाले. चोराने ती बँक सहकारी आहे की खासगी, हे पाहिलं नाही.

"मुलांचा निकाल फ्लेक्सवर लावला तर बिघडलं कुठे?"

अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती या कायद्यात मूल आहे. तिची माहिती वापरण्याआधी आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना बंदी आहे. शिक्षणसंस्थांना नियमांत थोडी सूट आहे, पण ती शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती. क्लासच्या जाहिरातीसाठी मुलीचं नाव, फोटो आणि 'नीट' परीक्षेचे गुण चौकात लावणं हे शैक्षणिक काम नव्हे. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये दडवलेलं वाक्य इथे चालू नये; वेगळं विचारावं, आणि नाही म्हणणाऱ्याच्या मुलाशी वागणं बदलू नये. यात चूक झाली तर दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपये आहे.

दंड, भरपाई आणि सर्व्हर

दंडाच्या आकड्यांनीच जास्त घबराट झाली आहे. सुरक्षेची वाजवी व्यवस्था नसेल तर 250 कोटींपर्यंत, गळती कळवली नाही तर 200 कोटींपर्यंत. हे आकडे कमाल आहेत. मंडळाने चुकीचं गांभीर्य, कालावधी, ती पुन्हा पुन्हा झाली का, नुकसान कमी करायला काय केलं आणि दंड प्रमाणात आहे का, हे पाहूनच रक्कम ठरवायची आहे.

लोकांना वाटतं की हा दंड आपल्याला मिळेल. तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. भरपाईचा आधार असलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 43 अ कलमही मुख्य तरतुदींबरोबरच रद्द होणार आहे. ज्याचं आधार कार्ड वापरून कुणी भलतंच कर्ज काढलं त्या कामगाराच्या हाती यातून काहीच पडत नाही. माझ्या मते या कायद्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

सर्व्हर भारतातच हवा, ही समजूतही या कायद्यापुरती चुकीची. सरकार ज्या देशांवर निर्बंध घालेल ते सोडून माहिती बाहेर पाठवता येते. पेमेंटच्या माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा 2018 चा नियम वेगळा आहे. आणि ग्राहकाने "पुसा" म्हटलं की सगळं पुसायचं, असंही नाही. खातं बंद झाल्यावर केवायसीची नोंद बँकेने पाच वर्षं ठेवायची असते.

"डेटा कायदा आला, आता माहिती अधिकारात काही मिळणार नाही"

ही समजूत सरकारी टेबलामागे वाढते आहे. ज्या महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, 2002 मध्ये, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, तिथे ती वाढू देणं मला धोक्याचं वाटतं. बदल झाला आहे हे खरं. माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(ञ) नोव्हेंबर 2025 पासून सुधारलं गेलं आणि वैयक्तिक माहिती नाकारताना त्याच कलमात असलेला जनहिताचा अपवाद निघून गेला. अधिकाऱ्याला नकार देणं सोपं झालं.

पण कलम 8(2) जागेवर आहे. माहिती उघड करण्यातलं जनहित होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल, तर ती देता येते, असं ते सांगतं. कलम 4 ही आहे. अनुदान योजनांचे लाभार्थी कोण, हे कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करायचं आहे. म्हणून विहीर, घरकुल किंवा पीकविम्याची यादी मागणाऱ्याने अर्जातच 8(2) चा उल्लेख करून जनहित काय ते दोन वाक्यांत लिहावं. "डीपीडीपीमुळे नाकारले" एवढाच शेरा आला, तर तीस दिवसांत पहिलं अपील करावं. तिथेही दाद मिळाली नाही तर नव्वद दिवसांत दुसरं अपील, आणि मराठवाड्यातल्या अर्जदाराला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरातच आहे.