कुरकुर गुडघ्याची, गुपित कूर्चेचं

तुकोबांची पालखी बारामती सोडून काटेवाडीत आली की तिच्याभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढे बेलवाडीत अश्व धावतात. देहू ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर! एवढं चालून गुडघे झिजत असतील, असं घरी बसलेल्यांना वाटतं. प्रत्यक्षात गुडघ्यातल्या कूर्चेला चालणंच मानवतं.

हाडांच्या टोकांवरचा हा पांढरा, गुळगुळीत थर जेमतेम काही मिलिमीटरचा. त्यात ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. मग कूर्चा जगते कशावर? पाऊल टेकलं की दाब पडतो, उचललं की सुटतो. स्पंजासारखी ती सांध्यातलं वंगण सोडते आणि पुन्हा शोषते. त्यातूनच तिचं पोषण. पाय महिनोन्महिने हललाच नाही, तर ती पातळ होऊ लागते.

साठीच्या घरातल्या लता करे नवऱ्याच्या एमआरआयच्या पैशांसाठी नऊवारीत, अनवाणी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात धावल्या आणि जिंकल्याही. त्यांच्यावरच्या चित्रपटाची ६७व्या राष्ट्रीय पुरस्कारांत खास दखल घेतली गेली. एकीवरून नियम काढू नये, पण हौसेनं धावणाऱ्यांत गुडघ्याची झीज बैठ्या माणसांपेक्षा कमीच आढळली आहे.

भ्यायचं ते मुरडण्याला. पाय जमिनीत रोवलेला, गुडघा वाकलेला आणि वरचं अंग गर्रकन फिरलं, मग ते कबड्डीतली पकड सोडवताना असो की उसाची मोळी घेऊन वळताना, की दोन हाडांमधली चंद्रकोरी गादी फाटते. उतारवयात तर खुरपणीहून उठतानाही फाटते. तिच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. तिथली चीर भरून येऊ शकते, आतली सहसा नाही.

एडिंबरोत थॉमस ॲनन्डेल यांनी १८८३ मध्येच एका खाणकामगाराची गादी शिवली होती. तरीही पुढे कित्येक दशकं सर्जन फाटलेली गादी सरळ काढून टाकत. ती काढलेले गुडघे लवकर झिजतात हे कळल्यावर आता जमेल तेवढी वाचवतात. गुडघ्याच्या आत डोकावणाऱ्या दुर्बिणीचा किस्सा तर भारीच: टोकियोत केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासायची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली!

आणि कूर्चा? गेली की परत येत नाही, असं विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलं. तरी स्वीडनच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून तिच्यातल्या खड्ड्यात भरल्या आणि १९९४ मध्ये निष्कर्ष छापले. आपल्या पुणे जिल्ह्यातही लोणावळ्याला अशा पेशी वाढवतात; तिथल्या ‘कार्टिग्रो’ या उपचाराला २०१७ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. मात्र खड्डा एखाददुसरा असेल तरच याचा उपयोग. सगळीकडेच झीज असेल तर पाळी येते ‘वाट्या बदलण्याची’. त्यातही वाटी काढत नाहीत. झिजलेली टोकं तासून धातूची टोपी बसवतात.

त्याआधी एक स्वस्त उपाय: एक किलो वजन घटवलं, तर दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो.

गुडघा नुसता कटकट वाजतो, दुखत नाही? खुशाल चाला. पण मुरडल्यावर गुडघा सुजला, मध्येच अडकला किंवा सरळ होईना, तर लेपावर आठवडे काढू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे ‘नॉर्मल’ आला तरी दुखणं टिकून असेल, तर पुन्हा जा. एक्स-रेत गादी आणि कूर्चा दिसतच नाहीत.